कंदील-पुनर्भारण-मीमांसा

शास्त्रग्रंथाच्या आरंभीच विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध सांगून टाकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यामुळे ज्याला उठून जायचे असेल त्याला पहिल्या पानावरच जाता येते. प्रस्तुत प्रबंधाचा विषय असा: हौशी नाटकात पेन्सिल सेलांवर पेटणारा कंदील चार्जिंगवर पेटणारा करणे. अधिकारी कोण, तर ज्याला त्या नाटकात भूमिका मिळालेली नाही तो. भूमिका मिळालेला मनुष्य कंदील हातात धरतो, पण कंदिलाच्या पोटात काय आहे याची जिज्ञासा त्याला होत नाही. आणि जिज्ञासेवाचून पुढे सरकता येत नाही, हे बादरायणांनी पहिल्याच सूत्रात सांगून ठेवले आहे. दिग्दर्शकही अनधिकारीच, कारण त्याचे कंदिलाविषयीचे एकूण ज्ञान ‘जरा अजून पिवळा करता येईल का?’ या प्रश्नात संपते. नाटककार तर सर्वथा बहिष्कृत समजावा. ‘इतक्यात म्हातारा गडी कंदील घेऊन येतो’ अशी एका ओळीची रंगसूचना लिहून तो मोकळा झाला. पुढचा सारा प्रपंच आमच्या गळ्यात पडला. ग्रंथ आणि विषय यांचा संबंध वायरीचा असून वायरीची चर्चा यथास्थळी येईल. राहिले प्रयोजन. सुरुवातीला ते इतके उघड वाटत होते की सांगायचीही लाज वाटावी. ते एकेक करून कसे गळत गेले आणि अखेर कोणते उरले, हे कळण्यासाठी मधली पाने वाचावी लागतील. तशी योजनाच आहे.

प्रथम कंदिलाचे शास्त्रातले स्थान ठरवू. भरतमुनींनी आहार्य अभिनयाचा विचार करताना नेपथ्याचे चार प्रकार सांगितले: पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. आजचा बॅकस्टेजवाला जिला ‘प्रॉपर्टी’ म्हणतो ती बहुतांशी पुस्तात मोडते. पुस्ताचे पुन्हा तीन पोटभेद. चटई, कापड, कातडे जोडून केलेले ते संधिम. यंत्राच्या युक्तीने चालणारे ते व्याजिम. आणि गुंडाळून सिद्ध होणारे ते वेष्टिम. सेलवरचा कंदील व्याजिमात घालावा हे कोणीही सांगेल. परंतु तालमीच्या खोलीत प्रत्यक्ष पाहणी केली असता असे आढळते की सेलचा डबा डबल साइड टेपने तळाला चिकटवलेला असतो, सबब कंदील संधिम. डब्याचे झाकण हरवल्यामुळे त्याभोवती काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असते, सबब वेष्टिम. आणि बटण दाबल्यावर तो पेटेलच अशी शाश्वती नसल्यामुळे त्याचे व्याजिमत्व तेवढे वादग्रस्त राहते. एकाच वस्तूत तिन्ही भेद नांदू शकतात ही शक्यता मुनींच्या लक्षात आली नव्हती. त्यांच्यापुढे राजाश्रयाची रंगभूमी होती, हौशी नव्हती.

त्याच मुनींचा आणखी एक उपदेश आमच्या फार उपयोगी पडला. रंगमंचावरची आयुधे लोखंडाची आणि जड करू नयेत, लाख, बांबू अशा हलक्या द्रव्यांची करावीत, नाहीतर नट दमून जातो, असे ते सांगतात. आता तीन अल्कलाइन पेन्सिल सेलांचे वजन होते सुमारे ७० ग्रॅम. त्यांच्या जागी लिथियमचा एक १८६५० सेल घातला तर ते ४५ ते ४८ ग्रॅमवर येते. म्हणजे भरतमुनींचा कौल लिथियमला आहे. यावर आमच्याच संस्थेतल्या एका सभासदाने आक्षेप घेतला की पत्र्याच्या आख्ख्या कंदिलात बावीस-पंचवीस ग्रॅमची काय मातब्बरी. आक्षेप वजनदार आहे. म्हणूनच त्याची नोंद येथे केली आणि पुढे गेलो.

कंदील म्हणताना कोणता कंदील अभिप्रेत आहे हेही सांगायला हवे, कारण प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या कंदिलाशी या शास्त्राचा संबंध नाही. साताऱ्यात कराडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांच्या काच कारखान्याने ‘प्रभाकर’ कंदील काढला आणि तो मराठी घराघरांत गेला. माळ्यावर, गोठ्यात, अडगळीत त्याचे वंशज अजून सापडतात. असाच एखादा खराखुरा कंदील घ्यावा. नाट्यगृहात पडदे, विंगा आणि कापडी फ्लॅट यांच्या गर्दीत रॉकेलची ज्योत कोणताही शहाणा व्यवस्थापक पेटवू देत नाही, म्हणून फक्त ज्योत खोटी करायची. मात्र कंदील जुना असेल तर आधी टाकी साबणाच्या गरम पाण्याने दोन-तीनदा विसळून उन्हात खडखडीत वाळवावी. रॉकेलचा वास येत असलेल्या टाकीशेजारी सोल्डरिंग आयर्न तापवणाऱ्यासाठी या ग्रंथात वेगळे प्रकरण लिहिलेले नाही. ते इतर लोक लिहितील.

येथे काळविपर्यासाचा प्रश्न उभा राहतो. दोन बाजूंनी नळ्या वर गेलेला हा जो हरिकेन कंदील, त्याचे पेटंट अमेरिकेत जॉन अर्विन याने १८६९ साली घेतले. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले १८४३ साली. तेव्हा मराठी रंगभूमी या कंदिलाहून वयाने मोठी आहे. असे असूनही पानिपतच्या नाटकात, म्हणजे १७६१ साली, छावणीच्या तंबूत हा कंदील बिनदिक्कत लटकलेला आम्ही पाहिला आहे आणि एकाही प्रेक्षकाने त्यावर हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. प्रेक्षकाच्या लेखी कंदील म्हणजे जुना काळ, मग तो कोणताही असो. ही सूट किती लांब ताणता येते, हे पुढे चार्जिंगच्या भोकाच्या प्रकरणात येईल.

दिग्दर्शकाच्या एका हट्टाचा समाचार मात्र इथेच घेतो. बाजारात फुरफुरणाऱ्या एलईडी मिळतात, ज्योत हलल्यासारखा भास होतो, आणि दिग्दर्शकांना त्या फार आवडतात. पण हरिकेन कंदिलाचा सगळा शोधच मुळी ज्योत हलू नये यासाठी लागला! बाजूच्या नळ्यांतून हवा खाली ज्योतीपर्यंत जाते, भोवती काच असते, आणि बाहेर वारा असला तरी आत ज्योत स्थिर राहते. फुरफुरते ती पणती, किंवा वात कापायला झालेला, रॉकेल संपत आलेला कंदील. म्हाताऱ्या गड्याच्या हातात फुरफुरता कंदील देणे म्हणजे हा गडी मालकाच्या घरात साधी वातही कापत नाही असे सूचित करणे होय, आणि संहितेत तर तो चाळीस वर्षे इमानाने राबलेला आहे. तेव्हा स्थिर एलईडी वापरावी. रंगाचेही तसेच. रॉकेलच्या ज्योतीचे रंगतापमान २००० केल्विनच्या आसपास, दुकानात ‘वॉर्म व्हाइट’ म्हणून मिळते ती एलईडी २७०० ते ३००० ची. त्यावर पिवळट जिलेटिन पेपरचा तुकडा गुंडाळला की काम भागते. सहा हजारांची पांढरीशुभ्र एलईडी लावली तर गडी मोबाइलचा टॉर्च घेऊन आल्यासारखा दिसतो.

आता सेलाचा इतिहास. पुनर्भारण, म्हणजे उतरलेला सेल पुन्हा भरणे, ही कल्पना आधुनिक आहे असा समज सर्वत्र पसरलेला आहे. तो खोडून काढण्यात आम्हाला विशेष आनंद आहे. व्होल्टाने आपली चळत रचली १८०० मध्ये. गास्तों प्लांते या फ्रेंच गृहस्थाने पुन्हा भरता येणारी शिसे-आम्लाची बॅटरी केली १८५९ मध्ये. आणि ज्या घराण्यात आपला पेन्सिल सेल जन्मला त्या घराण्याचा मूळ पुरुष, लक्लांशेचा सेल, अवतरला १८६६ मध्ये. त्यातले पातळ द्रव्य घट्ट करून गास्नेरने कोरडा सेल केला तो त्याहून वीसेक वर्षांनी. म्हणजे एकदा वापरून फेकायच्या पेन्सिल सेलाहून चार्जिंगची बॅटरी वयाने थोरली! नवे म्हणून ज्याला नाके मुरडायची तो वास्तविक पेन्सिल सेल आहे. सनातनी मंडळींनी याची नोंद घ्यावी.

आपल्याकडेही पुनर्भारणाची एक देशी परंपरा होऊन गेली, तिची कोणत्याही ग्रंथात योग्य दखल घेतलेली नाही. विजेरीचे आणि रेडिओचे उतरलेले सेल उन्हात ठेवायचे, ही ती परंपरा. कौलांवर, खिडकीच्या पाटावर, अंगणात पापडांच्या शेजारी सेलांची रांग मांडलेली असे. काही घरांत सेल दाताखाली चावून पाहत, काही घरांत जमिनीवर आपटत. हे सगळे खुळचटपणाचे होते असे म्हणणाऱ्या विज्ञाननिष्ठांना आम्ही अदबीने सांगू इच्छितो की त्यात तथ्य होते. झिंक-कार्बन सेलातून सतत विजेचा उपसा केला की आतल्या रसायनांची वाटचाल मागे पडते आणि व्होल्टेज बसते. त्याला विश्रांती दिली की ती थोडीफार सावरतात, आणि ऊब मिळाली की अभिक्रिया जरा वेगाने होते. त्यामुळे उन्हातून आणलेला सेल खरोखरच आणखी एखाद्या बातमीपत्राची वेळ निभावून नेई. हे पुनर्भारण नव्हे, कारण नवी ऊर्जा काही आत गेलेली नसते; हे पुनरुत्साहन होय. तरी कंदील उन्हात ठेवून प्रयोगाला जाणाऱ्या आमच्या पूर्वसूरींना त्यातल्या त्यात शास्त्राचा आधार होता, एवढे ग्रथित करून ठेवतो.

पुनर्भारणाचे दोन संप्रदाय आहेत. पहिला निकेलवाद्यांचा. त्यांचे म्हणणे असे की कंदिलाला हात लावू नका. पेन्सिल सेल काढा आणि त्याच मापाचे निकेल-मेटल हायड्राइडचे चार्जिंगचे सेल घाला. मत सात्त्विक आहे, सोल्डरिंग लागत नाही, घरच्यांची बोलणी लागत नाहीत. पण प्रयोगात कंदील मंद पेटतो. साधा सेल १.५ व्होल्टचा, निकेलचा १.२ चा. तीन सेलांचे ४.५ होतात, निकेलचे ३.६. पांढऱ्या एलईडीला स्वतःलाच सुमारे ३ व्होल्ट हवेत. मग रेझिस्टरच्या वाट्याला साध्या सेलात दीड व्होल्ट उरतात आणि निकेलमध्ये फक्त ०.६. प्रवाह त्याच प्रमाणात, म्हणजे चाळीस टक्क्यांवर येतो. सेल वीस टक्क्यांनी कमी आणि प्रवाह साठ टक्क्यांनी कमी, हा अन्याय कसा झाला असे निकेलवादी विचारतात. तर मधले तीन व्होल्ट एलईडीने आधीच आपले म्हणून बाजूला काढून ठेवल्यामुळे झाला. उपाय रेझिस्टर बदलण्याचा आहे, पण तो केला की ‘कंदिलाला हात लावू नका’ हे मूळ वचन भंग पावते. अर्थात साधा अल्कलाइन सेलही निम्मा वापरल्यावर सव्वा व्होल्टच्या खालीवरच रेंगाळत असतो, तेव्हा निकेलवाल्यांचा कंदील हा फार तर मध्यंतरानंतरच्या कंदिलासारखा दिसतो. ज्या नाटकात कंदील दुसऱ्या अंकातच येतो तिथे त्यांचे मत ग्राह्य धरावे. आणि ज्या नाटकात मारामारी होऊन कंदील फेकला जातो तिथे तर त्यांचेच मत धरावे, कारण आपटलेला, चेपलेला लिथियम सेल पेट घेऊ शकतो आणि तो प्रकाशयोजनेचा भाग नसतो.

दुसरा संप्रदाय लिथियमवाद्यांचा. यांचे आराध्य दैवत १८६५०. नावातच मापे आहेत: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य तो गोल आहे म्हणून. लिथियम-आयन सेल सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणला आणि त्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते. इतक्या उतारवयात नोबेल मिळवणारे ते पहिलेच. ज्या संस्थेत अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मनुष्याला तरुण नायक दिला जातो तिथे या गोष्टीचे फारसे कौतुक झाले नाही.

हा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो, सरासरी ३.७. म्हणजे तीन पेन्सिल सेलांच्या जागेवर तो एकटा बसतो, फक्त रेझिस्टर तेवढा बदलावा लागतो. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास नाहीतर तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, तो सहज मिळतो. मात्र खरेदीत विवेक हवा. या मापाच्या सेलात प्रामाणिकपणे साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच मावतात, पण वेष्टनावर ९९०० छापलेले सेल राजरोस विकले जातात. छापलेला आकडा जितका मोठा तितका सेल हलका लागतो, असा अनुभव आहे. हातात घेऊन वजन पाहावे. दुकानदार पाहू देत नसेल तर दुकान बदलावे.

चार्जिंगसाठी टीपी-४०५६ नावाची अंगठ्याएवढी पट्टी मिळते. ती ५ व्होल्ट घेते, सेलाला साधारण एक अँपिअरने भरते, ४.२ ला थांबते. भरताना तांबडा दिवा, भरल्यावर निळा किंवा हिरवा. घेताना सेलाचे संरक्षण करणारी, म्हणजे जास्त उतरू न देणारी आणि शॉर्ट झाल्यास तोडणारी पट्टी मागावी. तिला सहा कड्या असतात, बिनसंरक्षणाचीला चार. पेटता कंदील चार्जिंगला लावू नये. प्रवाह दहाव्या हिश्शावर आला की सेल भरला, असे ती पट्टी समजते, आणि मध्येच एलईडी आपला वाटा पीत राहिली की तिचा हिशेब चुकतो. सेलाच्या टोकांना थेट सोल्डर मारू नये, उष्णतेने तो बिघडतो. होल्डर वापरावा किंवा निकेलच्या पट्ट्या जोडलेला सेल आणावा. या परिच्छेदात विनोद नाही, याबद्दल क्षमस्व. लिथियमशी तो करू नये.

प्रत्यक्ष बसवताना सगळ्या शास्त्राचा निकाल कंदिलाचे तोंड लावते. टाकीला वर जे भोक असते, ज्यात बर्नर बसतो, त्यातून जे जाईल तेच आत जाईल. तीन पेन्सिल सेलांचा शेजारी-शेजारी बसणारा डबा त्यातून जात नाही, म्हणूनच तो आजवर तळाला बाहेरून चिकटवला जात असे. १८ मिलिमीटरचा सेल आणि ती पट्टी मात्र आत सरकतात. उभा सेल टाकीत मावत नाही, तो आडवा, थोडा तिरका ठेवावा लागतो. वातीच्या बाजूला जी किल्ली असते, जिने वात वर-खाली करायची, तिला जुन्या रेडिओच्या आवाजाचा ‘टिक’ करणारा व्हॉल्यूम जोडावा. एलईडीचा सगळा प्रवाह त्याच्यातून नेऊ नये, मध्ये ट्रान्झिस्टर घालून त्याला फक्त हुकूम द्यायला बसवावे. मग नट किल्ली फिरवतो, ‘टिक’ होते, प्रकाश हळूहळू वाढतो, आणि पहिल्या तालमीत तो नट स्वतःचे वाक्य विसरून किल्लीच फिरवत बसतो. दुसऱ्या तालमीत दिग्दर्शक फिरवतो. या एका किल्लीसाठी आमच्या सर्व चुका माफ व्हाव्यात.

उरले चार्जिंगचे भोक. ते कुठे ठेवावे यावर तीन पंथ आहेत, पैकी दोन निरर्थक असल्यामुळे सांगत नाही. तळाला ठेवावे हा बहुमताचा निर्णय, कारण तळ कोणाला दिसत नाही. परंतु मराठी नाटकात कंदील घेऊन येणारा मनुष्य कंदील खाली धरत नाही. तो दारात थबकतो, हात डोक्याच्या वर नेतो आणि विचारतो, ‘कोण आहे तिकडे?’ त्या क्षणी कंदिलाचा तळ प्रेक्षागृहाकडे तोंड करतो आणि पुढच्या रांगांत वही उघडून बसलेल्या परीक्षकांच्या डोळ्यांसमोर टाइप-सीचे लंबगोल भोक येते. नाटक १९४२ चे, टाइप-सी २०१४ चा. पानिपतात कंदील चालतो, पण बेचाळीसमध्ये टाइप-सी चालत नाही; प्रेक्षकाची सहनशीलता शतकांत नाही तर ओळखीत मोजावी लागते. कंदील त्याने आजोबांकडे पाहिलेला असतो, भोक स्वतःच्या खिशात. सबब भोक टाकीच्या पाठीमागे, नटाच्या पोटाच्या बाजूला ठेवून वर काळा पत्रा लावावा.

आता प्रयोजनाकडे वळू. पहिले संभाव्य प्रयोजन बचत. कंदिलात वीस मिलिअँपिअरच्या तीन एलईडी धरल्या तर एकूण ६० मिलिअँपिअर. दोन हजार मिलिअँपिअर-तासांचा प्रामाणिक लिथियम सेल सुमारे ३३ तास चालेल. नाटकात कंदील पेटलेला असतो फार तर अर्धा तास. म्हणजे एका चार्जिंगमध्ये साठ-पासष्ट प्रयोग. पण अल्कलाइन पेन्सिल सेलांतही साधारण तेवढीच साठवण असते. तेही साठेक प्रयोग सहज ओढतात. आणि हौशी नाटकाचे प्रयोग किती होतात? राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, तिची प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी असे दोन टप्पे. प्राथमिकला एक प्रयोग, देवाच्या मनात असले तर अंतिमला एक. दोन प्रयोगांसाठी तीन पेन्सिल सेलांनीसुद्धा अठ्ठावन्न प्रयोगांची वाट बघत बसायचे. बचतीचे प्रयोजन गळाले.

दुसरे प्रयोजन पर्यावरण. त्याविषयी आदर व्यक्त करून पुढे जातो.

तिसरे भरवसा. ऐन प्रयोगात कंदील विझू नये. पण याबाबत लिथियमची बाजू फारशी बळकट नाही. साधा सेल हळूहळू उतरतो. संगीत नाटकातला नायक शेवटचे पद म्हणत मरतो तसा त्याचा अंत लांबतो आणि विंगेत कोणाच्या तरी लक्षात येते. लिथियमचे व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहते आणि अखेरीस घसरते. मध्ये बूस्ट सर्किट घातले असेल तर शेवटपर्यंत लख्ख उजेड आणि मग एकदम काळोख, संरक्षण पट्टी वायर तोडूनच टाकते. तिसऱ्या घंटेनंतर हे झाले तर कंदिलाला कोणी प्रॉम्प्टिंग करू शकत नाही.

मग सेल बदलून चार्जिंग कशासाठी? इथे आम्ही पुस्तके बाजूला ठेवून क्षेत्रीय अभ्यास केला, म्हणजे प्रॉपर्टीच्या ट्रंकेपाशी बसून राहिलो. साठ प्रयोग चालणारे सेल पहिल्याच प्रयोगाला उतरलेले का निघतात? ते उतरलेले नसतात. ते गेलेले असतात. तालमीच्या हॉलमधल्या भिंतीवरच्या घड्याळात एक, टीव्हीच्या रिमोटमध्ये दोन. आणि त्यांच्या जागी रिमोटमधले, घड्याळातले मेलेले सेल सद्भावनेने परत ठेवलेले असतात, कारण ट्रंकेतला डबा रिकामा ठेवणे सभ्यपणाचे नाही. घड्याळ चालू राहिल्याने तालीम वेळेवर सुरू होते असे नाही, ती कधीच होत नाही. पण किती उशिरा सुरू झाली हे समजते.

हेच ते प्रयोजन. १८६५० सेल कोणत्याही घड्याळात बसत नाही, कोणत्याही रिमोटमध्ये बसत नाही, आणि तोंडातून टाकीत तिरका घालून बर्नरने बंद केलेला असल्यामुळे उचलून नेता येत नाही. पुनर्भारण हे ऊर्जाशास्त्र नसून सेलापहारनिवारणशास्त्र आहे, हा आमचा सिद्धांत. याआधी कोणी तो मांडला असल्यास त्याने आपल्या ट्रंकेची किल्ली पुराव्यादाखल सादर करावी.

सिद्धांताला बाधक असे एक निरीक्षण मात्र प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. सेल चोरीला जात नाही हे खरे, पण केबल जाते. मेकअप रूममध्ये प्लगची जागा एक, तीवर हेअर ड्रायर. ड्रायर काढला की नायिकेचा फोन. फोनची केबल आणि कंदिलाची केबल टाइप-सीच्या टोकाकडून दिसायला सारखी, म्हणून कंदिलाची केबल फोनबरोबर घरी जाते आणि तिच्या जागी फोनची ठेवली जाते, पुन्हा सद्भावनेने. आणि ती चालत नाही! स्वस्तातल्या चार्जिंग पट्ट्यांवर दोन छोटे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर बसवायचे टाळलेले असते. ते नसले की दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या नव्या केबलीच्या पलीकडचा चार्जर कंदिलाला ओळखतच नाही, वीज सोडत नाही. एका टोकाला जुने चपटे यूएसबी असलेली केबलच लागते. तांबडा दिवा लागत नाही म्हणून सगळे कंदिलाला नावे ठेवतात, मूळ दोषी फोन चार्ज करत बसलेला असतो. रेझिस्टर आपण घरी लावू शकतो, फार कठीण नाही. पण मग केबलींमधला भेद नाहीसा होऊन कंदिलाची केबल आणखीच जाईल, असा पूर्वपक्ष आहे आणि त्याला उत्तर सापडलेले नाही.

या सर्व विचाराअंती संस्थेच्या कार्यकारिणीने ठराव करून प्रॉपर्टीची यादी सुधारली. तळाचा जुना डबाही पर्यायी व्यवस्था म्हणून दुतोंडी स्विचला जोडून ठेवावा असे ठरले. यादीतला संबंधित भाग अभ्यासकांच्या सोयीसाठी जसाच्या तसा उतरवून देत आहोत:

कंदील, चार्जिंगचा – १.
चार्जर – १.
केबल, जुन्या तोंडाची – १ (नायिकेकडून आणणे).
पेन्सिल सेल, राखीव – ३ (सध्या २, एक घड्याळात).
जबाबदारी – सर्व.